बिरड्याचा रोजा

आपण कुणाला तोंडभरून 'गुड मॉर्निंग' म्हणावं आणि त्या माणसाने आपल्याकडे नुसतं बघून, एक शब्द न बोलता पुढे निघून जावं, याच्याएवढा अपमान दुसरा नाही. माझा तो झालाय. नोकरीच्या अकराव्या दिवशी, भर वॉर्डात, आयाबायांच्या देखत. करणाऱ्या होत्या रूथ सिस्टर. रूथ थळकर, आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डाच्या इन्चार्ज.

मी घोटीची. घरी मला सगळे तोंडाळ म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं. पण रूथ सिस्टरांपुढे माझी बोबडी वळायची. उंच, सडसडीत बाई. कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि पायात काळे चामड्याचे बूट, रोजच्या रोज पॉलिश केलेले. आमच्या बुटांवर डाग दिसला तर दारातूनच परत पाठवायच्या. सातची ड्यूटी म्हणजे पावणेसातला हजर. उशिरा आलेलीने एसटीचं, पावसाचं, पोराच्या तापाचं काही सांगायला तोंड उघडलं की एकच वाक्य यायचं, "घड्याळाशी वाद घालायचा नाही." आवाज कधी चढायचा नाही. चढला असता तर परवडलं असतं.

तर त्या सकाळी त्या माझ्यासमोरून तशाच निघून गेल्या आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. बूट नव्हते. न्हाणीघरात घालतो तसल्या निळ्या रबरी सपाता होत्या. टेबलापाशी चांगली खुर्ची असताना बाई पेशंटला पलंगावर चढायला ठेवतात त्या लोखंडी पायरीवर बसल्या आणि तिथेच गुडघ्यावर घेऊन चार्ट तपासायला लागल्या. तापलेल्या बाळंतिणीला मात्र उठून स्वतः बघत होत्या. बारा वाजून गेले तेव्हा कुठे खुर्चीवर बसल्या. दिवसभरात पाण्याचा घोट नाही. मला वाटलं, एक तर बाईचं डोकं फिरलंय, नाही तर माझी नोकरी गेलीय. बेडपॅन धुवायच्या खोलीत जाऊन मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला त्या बूट वाजवत माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "जाधव, काल तुझा नमस्कार घ्यायचा राहिला. आज दोन घे. गुड मॉर्निंग. गुड मॉर्निंग."

चेहऱ्यावर हसू औषधाला नाही. मग चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं. त्या ज्यू. कोकणात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. आणि कालचा दिवस म्हणजे सुतकाचा. यरुशलेमचं त्यांचं मंदिर शत्रूने जाळलं, एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही वेळा तीच तिथी. म्हणून आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, चामड्याचं पायताण नाही. दुपारपर्यंत उंचावर बसायचं नाही आणि कुणाला नमस्कार-चमत्कार करायचा नाही.

"मयताच्या घरी कुणी गुड मॉर्निंग म्हणतं का, जाधव?"

"पण सिस्टर, त्याला तर हजारो वर्षं झाली ना?" मी म्हटलं. तोंडाळपणा जात नाही.

"मग? झालं म्हणून संपलं?" एवढं बोलून त्या राउंडला गेल्या.

उपासाच्या बाबतीत बाई अशा, म्हणून पुढे भाद्रपदात मला वाटलं, हरतालिका धरलेल्या पेशंटला त्या पाठीशी घालतील. सटाण्याकडची एक पोरसवदा बाळंतीण होती. रक्त फार गेलेलं, आणि सासूच्या धाकाने पाण्याचा थेंब घेईना. "मी नही पेवाव, सिस्टर. उपास शे ना," एवढंच म्हणत भिंतीकडे तोंड करून पडलेली. आम्ही चौघी हरलो. रूथ सिस्टर आल्या, पलंगावर बसल्या, दुधाचा कप तिच्या तोंडाला लावला. म्हणाल्या, "देवाला तुझा उपास हवाय, तुझी मयत नकोय. पी. पाप लागलं तर मला लागू दे." सासू दारात धुसफुसत होती. तिच्याकडे मान वळवून म्हणाल्या, "ड्यूटीवर मी आहे. पेशंट माझी आहे. ड्यूटीवरच्या सिस्टरशी पेशंटने वाद घालायचा नसतो, नातेवाइकांनी तर नाहीच नाही." पोरगी घटाघटा प्यायली.

हे वाक्य मी तेव्हाच मनात गाठ मारून ठेवलं. कधी कामाला येईल ते काय माहीत!

पुढे सिस्टर रिटायर झाल्या आणि आमचं नातं बदललं. नाशकात गंगापूर रोडला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट, माझं घर तिथून पाच मिनिटांवर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरले भाऊ बेंजामिन, आम्हा सगळ्यांचे बेनीभाऊ, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, तेही तिथेच राहत. वहिनी लवकर गेल्या. त्यांचा मुलगा डॅनी इस्राएलला जाऊन स्थायिक झालेला. बहीणभाऊ दिवसभर भांडायचे. बेनीभाऊंना मासळीवाचून घास उतरत नसे आणि त्या सुतकाच्या रोजाच्या (उपासाला ते रोजाच म्हणतात) आधी नऊ दिवस मटण-मासळी बंद. "या रूथचं बरं आहे, हिला आधीपासूनच कशाची चव नाही," असं ते मला ऐकवायचे. माझाही श्रावण असायचा, त्यामुळे मी सिस्टरांच्या बाजूने.

रोजाच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाल सोलायला जायची. त्यांच्यात या रोजाला बिरड्याचा रोजाच म्हणतात. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, सोलायचे, नारळाच्या दुधात शिजवायचे. बिरडं आणि भात, एवढंच जेवण, तेही जमिनीवर बसून, सूर्य मावळायच्या आत. भात माझ्याकडचा, घोटीचा. जेवण झालं की बेनीभाऊ दिवा बारीक करून त्यांच्या ग्रंथातला शोकाचा भाग वाचायचे. हिब्रू मला ओ की ठो कळत नाही, पण चाल कुणाच्या घरी रडं चालू असावं तशी. सिस्टर भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन ऐकायच्या. वॉर्डातली ती ताठ बाई तिथे दिसायचीच नाही.

रोजा कसा पाळायचा हे सिस्टरांना पाठ होतं. तो कधी येतो, हे खातं मात्र बेनीभाऊंचं. ते दरवर्षी मुंबईला पत्र टाकून त्यांच्या लोकांचं कॅलेंडर मागवायचे. आणि एका हिवाळ्यात बेनीभाऊ गेले. झोपेतच गेले. पत्र टाकायला कुणी राहिलं नाही.

आषाढ सरत आला तेव्हा सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. त्या अठ्ठ्याहत्तरच्या, अंगाने निम्म्या झालेल्या, साखरेच्या गोळ्या चालू. "जाधव, तुमचं ते भिंतीवरचं कॅलेंडर आण बरं. बेनी म्हणायचा, अधिक महिना नसला तर दिव्यांच्या अवसेनंतरची नवमी धरायची."

"डॅनीला विचारू ना फोन करून."

"त्याला काय कळतंय? तो शब्बाथसुद्धा पाळत नाही."

मी घरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून नेलं. अवस, नागपंचमी, नवमी असं बोट फिरवत गेले. नवमी शनिवारी. सिस्टर जरा घुटमळल्या. "शब्बाथला सुतक?" मग स्वतःच म्हणाल्या, "किप्पूरचा मोठा रोजा शब्बाथला आला तर धरतोच की आम्ही. मग हाही धरायचा." मी लगेच मान डोलावली. मला काय अक्कल त्यातली! पण डोलावली, आणि ती डोलावलेली मान आजही मला खाते.

"सिस्टर, साखरेचं काय? या वर्षी नका धरू," मी म्हटलं.

"बेनी गेला. या नाशकात हा रोजा धरणारं आमच्यातलं आता दुसरं कोण आहे? मी नाही धरला तर तो दिवस या गावात आलाच नाही असं होईल." मग म्हणाल्या, "रोजाच्या दिवशी गोळी घेणार नाही मी, म्हणजे साखर उतरायची नाही. तुझ्यापेक्षा जास्त कळतं मला." 

शुक्रवारी दोघींनी वाल सोलले. सूर्य मावळायच्या आत त्या बिरडं-भात जेवल्या, शब्बाथचा दिवा लावला आणि सपाता घालून जमिनीवर बसल्या. शनिवारी माझी ड्यूटी होती. ती संपवून मी साखर तपासायचं मशीन घेऊन संध्याकाळी सहाला पोचले. त्या जरा दमलेल्या, ओठ सुकलेले, बाकी ठीक. बोटाला सुई टोचली. बहात्तर. म्हटलं, चला, दीड तास राहिला. साडेसातला सुटेल.

सहा पन्नासला डॅनीचा फोन वाजला. त्याला शनिवारी सुट्टी, म्हणून तो शनिवारीच करायचा. मीच उचलला, स्पीकर लावला.

"आत्या, जेवलीस का? आज संध्याकाळपासून तुझा रोजा ना? पाणी भरपूर पी आत्ताच."

सिस्टर सुकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आज संध्याकाळपासून कसा? आज सुटेल."

"अगं आज शनिवार! शब्बाथला हा रोजा धरत नाहीत. नवमी शनिवारी आली की रोजा रविवारी ढकलतात. शब्बाथला उपास चालतो तो फक्त किप्पूरचा. इथे सगळे आज सूर्य मावळल्यावर धरणार आहेत."

 सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सूर्य मावळायला पंधरा मिनिटं होती. म्हणजे शब्बाथच्या दिवशी सुतक पाळून चूक केली ती केलीच, आणि खरा रोजा पंधरा मिनिटांनी सुरू होणार होता.

"जाधव, ताट वाढ," त्या म्हणाल्या.

 फ्रिजमध्ये कालचं वाटीभर बिरडं, थंडगार. भात नव्हताच. गॅस पेटवायला गेले तर लायटर लागेना. शेवटी तसंच गार बिरडं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. चोवीस तासांच्या कोरड्या घशातून घास जाईना. पाणी प्यायल्या, ठसका लागला. मी पाठ चोळत म्हणत होते, "सावकाश, सावकाश." आणि घड्याळ काही सावकाश चालत नव्हतं. पाच-सहा चमचे जेमतेम गेले असतील. सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी चमचा खाली ठेवला. वाटीत निम्म्याहून जास्त बिरडं तसंच.

"सिस्टर, अजून दोन घास. कोण बघतंय?"

"घड्याळाशी वाद घालायचा नाही."

मला इतका राग आला त्यांचा! आणि त्याहून जास्त माझा. ते कॅलेंडर मी आणलं होतं, बोट मी फिरवलं होतं. मी घरी फोन करून सांगितलं, आज इथेच थांबते.

रविवारी सकाळी साखर सत्तर. दहाला सहासष्ट. जमिनीवर भिंतीला टेकून त्या डोळे मिटून बसल्या होत्या. बेनीभाऊंचा ग्रंथ मांडीवर उघडा, पण ओठ हलत नव्हते. साडेअकराला मी डॅनीला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "अरे तुझी आत्या जाईल हातातून. विचार तिथे कुणाला, काय ते विचार!" तो घाबरला. वीस मिनिटांत त्याचा उलट फोन. तिथल्या धर्मगुरूंना गाठलं होतं त्याने. ते म्हणाले, हा रोजा आजारी माणसाला नाहीच. आजाऱ्याने खायचं, तोच नियम.

मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले. "मी आजारी आहे हे कुणी सांगितलं?"

बारा वाजले. आता खुर्चीवर बसायला हरकत नव्हती. त्या भिंतीला धरून उठायला गेल्या आणि अर्ध्यातून खाली बसल्या. कपाळावर घाम, हात गार पडलेले. बोट टोचलं. अठ्ठावन्न.

मी साखर-पाणी कालवलं आणि कप घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी तोंड फिरवलं, भिंतीकडे. अगदी त्या सटाण्याच्या पोरीसारखं. आणि मग माझा बांध फुटला.

"बघा, सिस्टर. ड्यूटीवर मी आहे. पेशंट तुम्ही आहात. ड्यूटीवरच्या सिस्टरशी पेशंटने वाद घालायचा नसतो. कुणी शिकवलंय मला हे? देवाला उपास हवाय, मयत नकोय. प्या. पाप लागलं तर मला लागू दे!"

मी रडत होते, ओरडत होते.   मग त्या हळूच म्हणाल्या, "ओरडू नकोस. वॉर्डात ओरडायचं नाही."

"मग प्या."

"औषध म्हणून दे. चमच्याने. आणि वेळ लिही."

लिहायला कागद नव्हता. तेच मेलं कॅलेंडर समोर होतं. त्याच पानावर, रविवारच्या चौकोनाशेजारी मी लिहिलं, बारा दहा, साखर-पाणी, सहा चमचे. बारा पंचवीसला पुन्हा सहा. पाऊणला बोट टोचलं, चौऱ्याऐंशी. मग दोन चमचे बिरडं, तेही लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. आणि रंग आला तसे डोळे भरले. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बेनीभाऊंच्या वेळीही नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "बेनीचा रोजा गेला. नाशकात या वर्षी कुणीच नाही धरला."

मला सांगायचं नव्हतं. पण त्यांचं ते तोंड बघवेना. "धरलाय," मी म्हटलं. "मी धरलाय. काल सात-पाचपासून."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या चपला जिन्यात होत्या आणि मी अनवाणी होते.

"मूर्ख आहेस. तुला तो लागू नाही."

"नसू दे. चूक माझ्या कॅलेंडरची."

"पाणी पी, जाधव."

"साडेसातला पिईन."

"चक्कर येईल तुला."

"घड्याळाशी वाद घालायचा नाही, सिस्टर."

त्यांनी तोंड पदरात लपवलं. खांदे हलत होते. सुतकाच्या दिवशी हसायचं नसतं, म्हणून त्या रडत होत्या असं मी धरून चालले. संध्याकाळी आभाळ भरलेलं, तारे कसले दिसताहेत! घड्याळ बघूनच मी पाणी प्यायले. तांब्या त्यांनी स्वतः हातात दिला.

या प्रकाराने डॅनी हबकला. आत्याला एकटीला ठेवायचं नाही म्हणून हटून बसला आणि दिवाळीआधी न्यायलाच आला. सिस्टर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या तयारीला लागल्या. सामान वाटून टाकलं. बेनीभाऊंचा ग्रंथ बॅगेत घेतला. माझं कॅलेंडर मला परत दिलं, आणि पुढच्या वर्षीची त्यांची तारीख डॅनीकडून विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून दिली. खाली एक ओळ, 'शनिवार आहे का ते आधी बघ.'

टॅक्सी सकाळी सातची होती. मी पावणेसातला हजर. डॅनी डिकीत बॅगा कोंबत होता आणि कुरकुरत होता, "आत्या, नवे बूट आणलेत ना तुझ्यासाठी? ते घाल की. विमानात काय हे?"

सिस्टर जिना उतरून आल्या. इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले, मान ताठ. वॉर्डात यायच्या तशाच. मी सगळा जोर लावून, तोंडभरून म्हणाले, "गुड मॉर्निंग, सिस्टर!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसल्या.

एक क्षण, खरं सांगते, मला जुना राग आला. इतक्या वर्षांनी, जायच्या दिवशीसुद्धा? आणि मग गाडीचं दार लावायला डॅनी वाकला तेव्हा त्यांचे पाय दिसले. पायात निळ्या रबरी सपाता होत्या.

गाडी निघाली. मी हात हलवला नाही. सुतकाच्या दिवशी हलवायचा नसतो.